ए-४ शून्य आला, म्हणजे आत तबकडी नाहीच असं म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. तुमच्याकडे एक ई-१ प्रकारची, जवळजवळ गोल दिसणारी लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. तिच्या प्रतिमेवर तुम्ही आयसोफोट, म्हणजे सारख्या तेजाच्या रेषा काढल्या, त्यांना लंबवर्तुळं बसवली. या रेषा लंबवर्तुळापासून किती हटतात हे सांगणारा ए-४ हा गुणांक कुठेही अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही. मॉडेल वजा केल्यावर उरलेली प्रतिमा स्वच्छ आहे. वर्णपटात फिरण्याचा वेग जेमतेम ४५ किलोमीटर प्रतिसेकंद आणि वेगांचं विखुरण, म्हणजे सिग्मा, १७०च्या आसपास. सोबतचे लोक म्हणतात की ‘आत ताऱ्यांची तबकडी नाही’ असं लिहून मोकळे व्हा. तुमचं मन मात्र तयार होत नाही.

तुमचं मन बरोबर सांगतंय. एवढ्या माहितीवर तसं लिहू नका. कारण नीट समजावं म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

खरा प्रश्न ‘तबकडी आहे की नाही’ असा नसतोच. खरा प्रश्न असा: माझ्या निरीक्षणांना पत्ता लागू न देता या दीर्घिकेत जास्तीत जास्त किती मोठी तबकडी दडून राहू शकते? हा प्रश्न विचारला की पुढच्या कामाची दिशाच बदलते. उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं: दीर्घिका आपल्याकडे किती कललेली आहे, तबकडीचा प्रकाशातला वाटा किती, वर्णपटाची विभेदनक्षमता, म्हणजे बारीक फरक वेगळे दाखवायची क्षमता, किती, सिग्नल किती चांगला आहे. म्हणून सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा मी देऊ शकत नाही. पण तो आकडा तुमच्या दीर्घिकेसाठी कसा काढायचा, हे नक्की सांगू शकतो.

ए-४ काय पाहतो ते आधी बघू. बसवलेल्या लंबवर्तुळापासून खरा आयसोफोट किती हटलेला आहे हे आपण फूरिए मालिकेत, म्हणजे वेगवेगळ्या लाटांच्या बेरजेत, मांडतो. त्यातली चौथ्या पटीची कोसाइन संज्ञा धन आली तर दीर्घ अक्षाच्या दोन्ही टोकांना आयसोफोट लिंबासारखा निमुळता होतो. ऋण आली तर तो खोक्यासारखा दिसतो. फुगीर घटकाच्या, म्हणजे दीर्घिकेच्या जाड, गोलसर भागाच्या, आत एक पातळ तबकडी कडेने दिसत असेल तर तिचा प्रकाश नेमका दीर्घ अक्षावर साचतो आणि टोकं बाहेर ओढली जातात. १९८०च्या दशकात बेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजमापाला पद्धतीचं रूप दिलं. १९९६ मध्ये कॉर्मेंडी आणि बेंडर यांनी तर हबलच्या दीर्घिकांच्या वर्गवारीत सुधारणा सुचवली: लंबवर्तुळाकार दीर्घिकांची विभागणी दिसणाऱ्या चपटेपणावर न करता त्या तबकडीकडे झुकणाऱ्या आहेत की खोक्यासारख्या, यावर करावी. ती मांडणी मला आजही पटते, कारण हबलच्या ई-० ते ई-७ मधला आकडा फक्त दिसणारा चपटेपणा सांगतो. लहान अक्ष भागिले मोठा अक्ष, ते एकातून वजा, गुणिले दहा, झालं. दीर्घिका मुळात कशी आहे याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही.

आता अडचण. तबकडी कडेने दिसली तरच ए-४ तिला ओळखतो. थोडा हिशेब करून दाखवतो. एक पातळ तबकडी घ्या, जिची जाडी तिच्या रुंदीच्या एक दशांश आहे. तिच्याभोवती एक फुगीर घटक घ्या, ज्याचं मूळ अक्षगुणोत्तर ०.७ आहे. कल ९० अंश म्हणजे कडेने, ० अंश म्हणजे समोरून असं धरू. कडेने पाहिलं तर दोघांची गुणोत्तरं ०.१ आणि ०.७ दिसतात, फरक डोळ्यांत भरतो. ६० अंशांवर ती ०.५१ आणि ०.७९ होतात. ४५ अंशांवर ०.७१ आणि ०.८६. ३० अंशांवर ०.८७ आणि ०.९३. शेवटच्या जोडीकडे नीट बघा. जवळजवळ सारख्याच आकाराची दोन लंबवर्तुळं एकमेकांवर ठेवली आहेत. त्यांची बेरीजही लंबवर्तुळासारखीच दिसणार. ए-४ शून्याजवळ येतो तो यामुळे. तबकडी तिथेच आहे, तेवढीच तेजस्वी आहे. फक्त आकारातून ओळखू येण्याचा तिचा गुण गेला. माझ्या अनुभवात कल ६० अंशांच्या खाली गेला की एकट्या ए-४ वर भरवसा ठेवावा असं काही उरत नाही.

आणि असा कल दुर्मीळ मुळीच नाही. दीर्घिका आकाशात वाटेल तशा कललेल्या असतात असं धरलं, तर कल एखाद्या कोनापेक्षा जास्त असण्याची शक्यता त्या कोनाच्या कोसाइनएवढी असते. म्हणजे ६० अंशांच्या वर फक्त निम्म्या दीर्घिका. ७५ अंशांच्या वर, जिथे तबकडी ठळक दिसते, तिथे जेमतेम २६ टक्के. रिक्स आणि व्हाइट यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा पुढे आणला. प्रकाशाचा पाचवा हिस्सा तबकडीत असला तरी बऱ्याच दिशांनी पाहताना ती प्रतिमेत हरवते, आणि म्हणून ज्या दीर्घिकांत तबकड्या दिसतात त्यांच्यापेक्षा ज्यांच्यात त्या खरोखर असतात त्यांची संख्या बरीच जास्त असू शकते.

इथपर्यंत ऐकून अनेक जण म्हणतात की मग जास्त चांगली प्रतिमा घेऊ, नॉइज कमी करू, अर्ध्या टक्क्याऐवजी ०.०५ टक्क्यापर्यंत जाऊ. कडेच्या जवळच्या दीर्घिकेला त्याने फायदा होतो. तुमच्या दीर्घिकेला मात्र होईलच असं नाही, कारण अडचण नुसत्या नॉइजची नाही, मुळात माहितीच गायब आहे. हा भाग मला स्वतःला समजायला बराच वेळ लागला, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रतिमा म्हणजे त्रिमितीय दीर्घिकेचं आकाशाच्या प्रतलावरचं प्रक्षेपण. फूरिए गणितात एक सुंदर गोष्ट आहे: अशा प्रक्षेपणाचं फूरिए रूपांतर म्हणजे मूळ त्रिमितीय वस्तूच्या फूरिए रूपांतराचा एक सपाट काप, दृष्टिरेषेला लंब असलेला आणि मध्यातून जाणारा. एका प्रतिमेतून आपल्याला असा एकच काप मिळतो. पण दीर्घिका एका अक्षाभोवती सममित असेल तर तो काप त्या अक्षाभोवती फिरवायची मुभा आपल्याला मिळते, कारण फिरवल्याने काही बदलत नाही. काप फिरत गेला की त्याने फूरिए अवकाशाचा मोठा भाग झाडून काढला जातो. कडेने पाहत असू तर कापामध्ये अक्ष स्वतःच असतो, त्यामुळे सगळं अवकाश भरतं आणि त्रिमितीय आकार एकच निघतो. कल कमी झाला की अक्षाभोवती वर आणि खाली एकेक शंकू रिकामा राहतो. त्या शंकूच्या आत काय आहे याची प्रतिमेला काडीचीही कल्पना नसते. रिबिकी यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं, आणि त्याला ‘अज्ञानाचा शंकू’ म्हणतात. शंकूचा अर्धकोन ९० वजा कल एवढा. कल ६० अंश असेल तर साधारण १३ टक्के दिशा अंधारात जातात. ३० अंशांवर निम्म्या.

आता पातळ तबकडीची माहिती फूरिए अवकाशात कुठे असते? जी वस्तू उभ्या दिशेने अत्यंत पातळ, तिचं रूपांतर उभ्या दिशेने लांबवर पसरतं. म्हणजे अक्षाच्या जवळ. म्हणजे नेमकं त्या शंकूत. दुर्दैव म्हणा, पण भूमितीच अशी आहे. गेरहार्ड आणि बिनी यांनी १९९६ मध्ये असे प्रकाशघनतेचे आराखडे मांडले जे दीर्घिकेत मिसळले तरी प्रतिमेत कणभरही फरक पडत नाही. मध्य प्रतलात प्रकाशाची भर, इतरत्र तेवढीच वजाबाकी, आणि प्रक्षेपणात बेरीज प्रत्येक पिक्सेलला शून्य. दुर्बीण कितीही मोठी घ्या, जी गोष्ट प्रतिमेत उतरतच नाही ती प्रतिमेतून काढता येत नाही. अर्थात या मिसळण्यालाही मर्यादा आहे: घनता कुठेही ऋण होऊ शकत नाही, आणि फार विचित्र आकार निसर्गात टिकत नाहीत. त्यामुळे हवी तेवढी मोठी तबकडी अशा प्रकारे लपत नाही.

तर प्रतिमेची बाजू एवढीच: धन ए-४ मिळाला तर तबकडीच्या बाजूने तो चांगला पुरावा आहे, न मिळाला तर कल माहीत असल्याशिवाय त्याला काही वजन नाही. आणि ई-१ दिसणारी दीर्घिका एकतर खरोखर गोल आहे, नाहीतर चपटी असून समोरून दिसते. तुमची कुठली, हे प्रतिमा सांगणार नाही.

इथून पुढे वेगांकडे वळावं लागतं. तारे कुठे आहेत एवढंच प्रतिमा सांगते, वर्णपट ते कसे हलताहेत हे सांगतो. पातळ तबकडीतले तारे शिस्तीत, जवळजवळ वर्तुळाकार फिरतात, त्यांचं वेगविखुरण कमी असतं. फुगीर घटकातले तारे सगळ्या दिशांनी धावतात. दोन्ही समूह एकाच पिक्सेलमध्ये एकमेकांवर पडले तरी वर्णपटरेषेच्या आकारात दोघांचे ठसे वेगवेगळे राहतात. मॅगोरियन यांनी १९९९ मध्ये नेमका हा प्रश्न हाती घेतला: प्रतिमेला न दिसणाऱ्या तबकड्या दृष्टिरेषेवरच्या वेगवितरणात उघड्या पडतात का? दिशा आशादायक आहे, आणि तुमच्या कामाचा पाया तोच असायला हवा.

तुमच्याच आकड्यांवर एक खेळण्यातलं मॉडेल करून बघू. कल ३५ अंश धरा. फुगीर घटकाचं अक्षगुणोत्तर ०.७ धरलं तर या कलावर ते ०.९१ दिसेल, म्हणजे ई-१. जुळलं. आता समजा दीर्घ अक्षावरच्या एका ठिकाणी २० टक्के प्रकाश तबकडीचा आहे. तबकडी २२० किलोमीटर प्रतिसेकंदाने फिरते, तिची सिग्मा ५०. फुगीर घटक ४० ने फिरतो, त्याची सिग्मा १८०. कलामुळे आपल्याला वेगाचा फक्त ०.५७ पट भाग दिसतो: तबकडीचा १२६, फुगीर घटकाचा २३. प्रकाशानुसार सरासरी काढा. ०.२ गुणिले १२६ अधिक ०.८ गुणिले २३, म्हणजे सुमारे ४४. आणि एकत्रित सिग्मा सरळ हिशेबाने येते १६८.

हे आकडे तुमच्या ४५ आणि १७० च्या शेजारी ठेवून पाहा. २२० ने धावणारी, वीस टक्के प्रकाशाची तबकडी आत आहे आणि तरी तुमच्या तक्त्यात ‘मंद फिरणारी, गोलसर दीर्घिका’ असंच उमटतं. तुमच्या दीर्घिकेत अशी तबकडी आहेच, असा माझा दावा नाही. तुमच्या हातातली मोजमापं तिच्याशी अजिबात भांडत नाहीत, एवढंच दाखवायचं आहे.

मग फरक कुठे दिसेल? वेगवितरणाच्या तिरपेपणात. या मॉडेलमध्ये तबकडीचे तारे सरासरीच्या पुढे, जास्त वेगाकडे एक अरुंद गठ्ठा करतात, आणि फुगीर घटक कमी वेगाकडे लांब शेपूट सोडतो. १९९३ मध्ये व्हॅन डर मारेल आणि फ्रँक्स यांनी, तसंच स्वतंत्रपणे गेरहार्ड यांनी, वेगवितरण गाउस-हर्मिट मालिकेत, म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र आणि त्यातल्या छोट्या दुरुस्त्या अशा रूपात, मांडायची पद्धत आणली. तिच्यातला एच-३ हा गुणांक तिरपेपणा मोजतो आणि एच-४ शिखराचा टोकदारपणा. वरच्या उदाहरणात एच-३ सुमारे उणे ०.०४ येतो. वेग धन असलेल्या बाजूला ऋण, आणि दीर्घिकेच्या पलीकडच्या बाजूला, जिथे वेग ऋण, तिथे धन. वेग आणि एच-३ यांची चिन्हं उलट असणं ही फिरणाऱ्या तबकडीची ओळख. बेंडर, साग्लिया आणि गेरहार्ड यांनी १९९४ मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या मोठ्या संचात हे उलटं नातं दाखवलं होतं.

०.०४ हा आकडा लहान आहे, म्हणून इथे काळजी घ्यावी लागते. मी सुरुवातीच्या काळात एकदा यातच चुकलो होतो. लांब फटीच्या वर्णपटातून एका दीर्घिकेचा एच-३ काढला, एका बाजूला उणे ०.०३ स्थिर मिळाला, वेग तिथे धन होता, आणि मी तबकडी सापडली असं धरून पुढचे कित्येक दिवस त्यावर घालवले. नंतर दुसऱ्या बाजूचे बिंदू त्याच आलेखावर टाकले तर तिथेही उणे ०.०३. चिन्ह बदलत नव्हतं. तबकडीमुळे तसं होऊच शकत नाही. माझे ताऱ्यांचे नमुना-वर्णपट त्या दीर्घिकेच्या ताऱ्यांशी नीट जुळत नव्हते, त्यामुळे सगळीकडे सारखीच घसरण आली होती. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: एच-३ दोन्ही बाजूंचा एकत्र पाहायचा, आणि केंद्राभोवती उलटसुलट होणारा भागच खरा धरायचा. सगळीकडे सारखा असलेला भाग नमुन्यांचा दोष म्हणून वेगळा काढायचा.

दुसरी काळजी सिग्नलची. एच-३, एच-४ विश्वासाने काढायचे तर प्रत्येक बिनमध्ये, म्हणजे एकत्र केलेल्या पिक्सेलांच्या गटात, सिग्नल-नॉइज गुणोत्तर निदान ४० हवं, आणि ०.०४ सारखा संकेत शोधायचा तर मी त्याहून वर जातो. वोरोनॉय पद्धतीने शेजारचे पिक्सेल एकत्र करून ते मिळवता येतं. पण बिन फार मोठे केले तर एकाच बिनमध्ये वेगवेगळे वेग मिसळतात आणि खोटा तिरपेपणा तयार होतो. वर्णपट बसवायला तुम्ही बहुधा कॅपेलारी आणि एमसेलेम यांचा पीपीएक्सएफ हा प्रोग्राम वापरत असाल. त्यात एक दंडाची संज्ञा आहे, जी सिग्नल कमी असताना एच-३ आणि एच-४ ना शून्याकडे ढकलते. तिचं मूल्य न तपासता मिळालेला ‘एच-३ शून्य’ हा पुरावा नव्हे. तुमच्या सिग्नलवर आणि तुमच्या सिग्मावर बनावट वर्णपट चालवून ती संज्ञा ठरवा.

तिसरी गोष्ट विभेदनक्षमता. तबकडीची सिग्मा ५० असेल आणि उपकरणाचं स्वतःचं पसरणं १०० असेल, तर अरुंद गठ्ठा अरुंद राहत नाही. सॉरॉन या उपकरणाचं पसरणं साधारण १०० च्या घरात होतं. म्यूझ या उपकरणाचं निळ्या टोकाला ७० च्या आसपास, लाल टोकाकडे त्याहून कमी. म्हणून शक्य असेल तर कॅल्शियमच्या ८५०० अँगस्ट्रॉमजवळच्या तीन रेषांवर काम करा. तिथे विभेदनही चांगलं मिळतं आणि धुळीचा त्रासही कमी होतो.

कल आणखी कमी, जवळजवळ शून्य असला तर काय? मग फिरणं दिसतच नाही आणि एच-३ही जातो. तरी एक धागा उरतो. समोरून पाहताना तबकडीचे तारे दृष्टिरेषेच्या दिशेने फार हलत नाहीत, त्यामुळे रुंद वितरणाच्या मध्यभागी एक अरुंद शिखर उभं राहतं आणि एच-४ धन होतो. मात्र फुगीर घटकातल्या ताऱ्यांच्या कक्षा केंद्राकडे ये-जा करणाऱ्या असल्या तरी एच-४ धनच येतो. नुसत्या एच-४ वर तबकडी जाहीर करणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही. तो पूरक पुरावा.

उलट दिशेचा एक प्रकारही ध्यानात ठेवा. कन्या समूहातली एनजीसी ४४७३ पाहा. तिच्या सिग्माच्या नकाशावर दीर्घ अक्षावर केंद्राच्या दोन्ही बाजूंना दोन शिखरं दिसतात. कारण आत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन तबकडीसारखे घटक आहेत. सरासरी वेग एकमेकांना खातात आणि सिग्मा फुगते. याचं टोकाचं उदाहरण एनजीसी ४५५०, जिथे निम्मे तारे एका दिशेने आणि निम्मे विरुद्ध दिशेने फिरतात, हे व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. म्हणून वेग कमी दिसला की सिग्माचा नकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या दीर्घिकेशी सगळ्यात जवळचं उदाहरण मला एनजीसी ३३७९ चं वाटतं, म्हणजे मेसिए १०५. ही ई-१, आणि लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या प्रकाशमापनात वर्षानुवर्षं आदर्श नमुना म्हणून वापरलेली. १९९१ मध्ये कपाचोली आणि सहकाऱ्यांनी तिच्या प्रकाशवक्रातले, म्हणजे केंद्रापासून बाहेर जाताना तेज कसं उतरतं त्यातले, अगदी बारीक चढउतार एनजीसी ३११५ शी ताडून पाहिले. एनजीसी ३११५ ही कडेने दिसणारी, स्पष्ट तबकडी असलेली भिंगाकार दीर्घिका. तीच समोरून पाहिली तर प्रकाशवक्र एनजीसी ३३७९ सारखा दिसेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या दीर्घिकेवरून आपण ‘खरी लंबवर्तुळाकार’ शिकलो, तीच कदाचित समोरून पाहिलेली तबकडीवाली. तिच्यातलं फिरणं ५०-६० किलोमीटर प्रतिसेकंद आणि सिग्मा २०० च्या आसपास, आणि पुढे क्षेत्रीय वर्णपटांनी, म्हणजे प्रतिमेतल्या प्रत्येक जागेच्या वर्णपटांनी, तिला वेगाने फिरणाऱ्यांच्याच गटात टाकलं. अंतिम निकाल यावर मी देणार नाही, कारण तिचा आकार त्रिअक्षीय, म्हणजे तिन्ही अक्ष वेगळ्या लांबीचे, असण्याची शक्यताही चर्चेत राहिली. पण तुमचे सहकारी तुमच्या दीर्घिकेबद्दल जे म्हणताहेत ते तिच्याबद्दलही सहज म्हटलं गेलं असतं.

हा अपवाद नाही, हे अ‍ॅटलास-थ्रीडी सर्वेक्षणाने ठळकपणे दाखवलं. जवळच्या २६० लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिकांमध्ये ८६ टक्के वेगाने फिरणाऱ्या निघाल्या. त्यातल्या फक्त लंबवर्तुळाकार म्हणून नोंदलेल्या घेतल्या तरी दोन तृतीयांश वेगाने फिरणाऱ्याच. तिथली कसोटी तुम्हीही लावा: लॅम्डा-आर हे शिस्तीत फिरण्याचं प्रमाण सांगणारं मोजमाप ०.३१ गुणिले चपटेपणाच्या वर्गमुळापेक्षा जास्त आहे का? चपटेपणा ०.१ असेल तर सीमा ०.०९८ वर येते. ४५ आणि १७० वरून माझा अंदाज आहे की तुमची दीर्घिका तिच्या वर बसेल. पण लॅम्डा-आर प्रत्येक बिनच्या प्रकाशावरून, वेगावरून आणि सिग्मावरून काढायचा असतो, तोंडी अंदाजावर नको. आणि एक फरक लक्षात ठेवा: वेगाने फिरणं म्हणजे पातळ तबकडी असणं नव्हे. फुगीर घटक स्वतःही फिरू शकतो. ही कसोटी फक्त पुढे शोधायला सबळ कारण देते.

प्रतिमेच्या बाजूने दोन छोट्या तपासण्या राहिल्या. ए-४ जवळच्या अवरक्त प्रतिमेवरही काढा. निळ्या आणि अवरक्त प्रकाशात तो वेगळा आला तर धूळ मध्ये आहे. आणि आयसोफोटचा दीर्घ अक्ष आतून बाहेर जाताना वळत असेल किंवा फिरण्याचा अक्ष त्याच्याशी जुळत नसेल, तर अक्षीय सममितीचं गृहीतकच डळमळतं आणि मी वर केलेला शंकूचा हिशेब तसाच्या तसा लागू होत नाही. आयनीभूत वायूची तबकडी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. वायू बाहेरून आलेला असू शकतो, ताऱ्यांबद्दल तो काही सिद्ध करत नाही.

आता मुख्य काम. तुमच्या निरीक्षणांत स्वतः तबकड्या पेरा. प्रकाशाचा वाटा ५, १०, २०, ३० टक्के. कल २० अंशांपासून ९० पर्यंत. तबकडीची सिग्मा ४० ते ८०. प्रत्येक जोडीसाठी बनावट प्रतिमा आणि बनावट वर्णपट तयार करा. त्यात तुमच्या दुर्बिणीची अस्पष्टता, तुमच्या उपकरणाचं पसरणं आणि तुमचाच नॉइज घाला. मग खऱ्या दीर्घिकेवर जी पद्धत चालवली तीच, एकही बटण न बदलता, या सगळ्यांवर चालवा. कुठल्या तबकड्या सापडल्या आणि कुठल्या निसटल्या याचा कल विरुद्ध प्रकाशाचा वाटा असा नकाशा काढा. त्यात एक सीमारेषा उमटेल. तिच्या एका बाजूच्या तबकड्या तुम्ही नाकारू शकता, दुसऱ्या बाजूच्या नाही. हे काम कंटाळवाणं आहे, आठवडे खातं, आणि बरेच जण टाळतात. पण या विषयात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच कामाने.

वेळ आणि संगणक दोन्ही असतील तर त्यापुढे श्वार्त्सशिल्ड पद्धतीचं मॉडेल करा. १९७९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत हजारो कक्षा घेऊन त्यांच्या बेरजेतून प्रतिमा आणि वेगवितरण दोन्ही एकाच वेळी जुळवतात. मग त्यातल्या किती प्रकाशाच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहेत ते थेट वाचता येतं. मात्र कल मोकळा ठेवून एकाहून अधिक मॉडेलं चालवा. अशा मॉडेलांत कल फार सैल बांधला जातो, आणि एकच कल धरून काढलेला तबकडीचा वाटा त्या एकाच कलाचा असतो.

आणि लिहिताना निष्कर्षाचं वाक्य असं काहीसं ठेवा, मोकळ्या जागी पेरणीतून मिळालेले तुमचे आकडे घालून: ‘या दीर्घिकेचा कल अमुक अंशांपेक्षा जास्त असेल तर अमुक टक्क्यांहून जास्त प्रकाशाची, अमुक सिग्माची तारकीय तबकडी आमच्या प्रतिमा आणि वेगवितरण नाकारतात, त्याहून कमी कलासाठी अमुक टक्क्यांपर्यंतची तबकडी शक्य आहे.’ वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक ‘अमुक’ तुम्हाला परीक्षकासमोर सिद्ध करता येईल. तोवर, पेरणीचं काम हाती घेण्याआधी, आजच एक आलेख काढा: एच-३ विरुद्ध वेग, दोन्ही बाजूंचे सगळे बिन, त्रुटीच्या रेषांसकट. ठिपके उलट्या उतारावर बसले तर कळवा, पुढचं त्या आलेखावर बोलू.